‘व्हिलन’ शब्दाचे कूळ



युनियनच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत ह्यांवर बोलणार, असे सगळे धरून चालतात. आम्ही आज एका इंग्रजी शब्दाची कुळकथा सांगणार आहोत, ह्याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण लवकर सुटले. पुढचे इंग्रजी आम्ही शिकलो ते स्टँडिंग ऑर्डर्स, आरोपपत्रे आणि कोर्टाचे निवाडे वाचून. आणि त्यासाठी शब्दकोश सतत जवळ बाळगावा लागला. शब्दकोशाला एक खोड आहे. एका शब्दाच्या भेटीला जावे, तर तो शेजारच्या चौघांची ओळख करून दिल्याशिवाय सोडत नाही. अशाच एका भेटीत ‘व्हिलन’ ह्या शब्दाचे मूळ आमच्या वाचनात आले. त्या मुळाशी आमच्याच धंद्यातली माणसे निघाली. तेव्हा आजचा विषय आमच्या नेहमीच्या विषयापासून वाटतो तितका दूर नाही, हे हळूहळू आपल्या ध्यानात येईल.

‘व्हिलन’ म्हटल्याबरोबर आपल्यापुढे काय उभे राहते? पडद्यावरचा तो दुष्ट माणूस. नायिकेचा छळ करणारा, गावाची जमीन गिळणारा, शेवटच्या रिळात मार खाणारा. आणि ‘व्हिलनी’ म्हणजे दुष्टपणा, नीचपणा. पण सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ‘व्हिलन’ म्हटले असते, तर ऐकणाऱ्यापुढे उभा राहिला असता तो चिखलात पाय रोवून दुसऱ्याची जमीन नांगरणारा एक शेतकरी. गावची जमीन गिळणारा असे आज आपण ज्याला म्हणतो, त्याच्याच हाताखाली राबणाऱ्याचे हे नाव. शेतात राबणाऱ्याचे नाव दुष्टाला कसे चिकटले, एवढाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

आधी एक सावधगिरी. शब्दांची नाती जुळवणे हे सोयरीक जुळवण्यासारखे आहे. तोंडावळा सारखा दिसला म्हणून भाऊबंद ठरत नाहीत. इंग्रजीत दुष्टतेला ‘ईव्हिल’ असा एक जुना शब्द आहे आणि सैतानाला ‘डेव्हिल’ म्हणतात. दोन्ही कानाला सख्खे भाऊ वाटतात. पण ‘ईव्हिल’ हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला शब्द. त्याचा भाऊ जर्मन भाषेत ‘यूबेल’ ह्या रूपाने आजही नांदतो. ‘डेव्हिल’ आला तो ग्रीक ‘दिआबोलोस’ म्हणजे चहाडखोर, निंदक, ह्या शब्दापासून. दोघांचा काही संबंध नाही. आपल्याकडेही संस्कृतात ‘खल’ म्हणजे धान्य मळण्याची जागा, आपले खळे; आणि ‘खल’ म्हणजे दुष्टही. आपण ज्याला खलनायक म्हणतो त्याचे मूळ खळ्यात आहे, असे सांगून टाळी घेता येईल. पण उच्चार एक म्हणून जन्म एक, हा काही पुरावा नव्हे. ‘व्हिलन’ची गोष्ट वेगळी आहे. त्याची वंशावळ कागदोपत्री आहे, एकेक पिढी दाखवता येते.

मूळ पुरुष लॅटिन भाषेतला. ‘व्हिला’ म्हणजे शेतावरचे घर, शेतीवाडीसकट वाडा. रोमन धनिकांचे असे वाडे शहराबाहेर असत, आणि त्या जमिनीवर कसणाऱ्यांची वस्ती असे. त्या ‘व्हिला’शी बांधलेला कष्टकरी तो ‘व्हिलानुस’. फ्रेंच भाषेत त्याचा ‘व्हिलें’ झाला. ‘व्हिला’वरूनच ‘व्हिलेज’, म्हणजे खेडे, हा शब्द आला. आणि आज डोंगरावर श्रीमंतांचे जे बंगले उठतात त्यांची ‘व्हिला’ ही पाटीही तीच. एका बापाची तीन मुले. एकाच्या वाट्याला बंगला आला, दुसऱ्याच्या वाट्याला गाव, आणि तिसऱ्याच्या वाट्याला शिवी.

ह्या घराण्याचा आपल्याशीही दूरचा संबंध पोचतो. लॅटिनमध्ये वस्तीला ‘व्हिकुस’ म्हणत, ग्रीकमध्ये घराला ‘ओइकोस’ म्हणत, आणि आपल्या वेदांच्या भाषेत वस्तीला व वस्तीतल्या लोकांना ‘विश्’ म्हणत. हे तिन्ही एका धातूचे, आणि ‘व्हिला’ही त्याच कुळातला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘विश्’मधला तो ‘वैश्य’. म्हणजे मुळात शेतीभाती करणारा, गुरे राखणारा सामान्य लोक. तेव्हा इंग्रजांचा ‘व्हिलन’ आणि आपला ‘वैश्य’ हे फार मागे जाऊन एका घरातले निघतात. दोघांचाही जन्म वस्ती ह्या साध्या कल्पनेतून झाला. पुढे एक कुठे गेला आणि दुसरा कुठे, हे त्या त्या समाजाने ठरवले.

आता इंग्लंडात येऊ. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, रयत इंग्रजी बोलणारी. वीस वर्षांनी, १०८६ साली, विल्यमने राज्याची मोजणी करविली. कोणाकडे जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, कुळे किती. ती दप्तरे ‘डूम्सडे बुक’ ह्या नावाने आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांत सुमारे २,७०,००० माणसांची नोंद आहे. ही सारी प्रजा नव्हे, मुख्यतः कुटुंबप्रमुख. त्यांत शेकडा ४० ‘व्हिलानी’ आहेत. शेकडा १० तर उघड गुलाम म्हणून नोंदलेले आहेत. म्हणजे ‘व्हिलन’ हा कोणी अपवादात्मक माणूस नव्हता. देशाचे पोट भरणारा सर्वांत मोठा वर्ग तो हाच. कायद्यात त्याचे नाव पुढे ‘व्हिलेन’ असे रूढ झाले. उच्चार जवळजवळ तोच, लिहिताना एका अक्षराचा फरक.

ह्या व्हिलेनचे जिणे कसे होते? त्याच्याकडे कसायला जमिनीचे काही पट्टे असत. पण त्यांच्या बदल्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस जमीनदाराच्या खाजगी शेतावर फुकट राबावे लागे. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत तीच ही. सुगीच्या दिवसांत, म्हणजे स्वतःचे पीक उभे असताना, जादा वेठ. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे भरून परवानगी घ्यायची. घरचा कर्ता मेला तर गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाने न्यायचे. दळण मालकाच्या गिरणीतच दळायचे आणि त्याचा वाटा द्यायचा. मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. मालकाने जमिनीवरून काढले तर राजाच्या न्यायालयात दाद नाही. दाद मालकाच्याच कचेरीत. आणि हे सगळे जन्माने. व्हिलेनचा मुलगा व्हिलेन. सुटकेची एक वाट होती. सनद असलेल्या शहरात पळून जाऊन, तिथला नागरिक म्हणून कोणी हक्क न सांगता एक वर्ष आणि एक दिवस काढला, तर तो मोकळा होई. खेड्यातून शहराकडे धावण्याची माणसाची ओढ किती जुनी आहे आणि ती कशापोटी आहे, ते ह्यावरून दिसते.

१२१५ सालचा मॅग्ना कार्टा हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून आपण शाळेत शिकतो. त्यातले प्रसिद्ध कलम कोणाही ‘स्वतंत्र माणसाला’ बेकायदा पकडू नये असे सांगते. ‘स्वतंत्र माणूस’ हे शब्द मोजून घातलेले आहेत. व्हिलेन त्यात बसत नव्हता. त्याच्यासाठी वेगळी तरतूद होती ती इतकीच, की त्याला दंड करताना त्याची शेतीची साधने सोडावीत. माणूस सुटला नाही, नांगर सुटला.

हा झाला अर्थाचा पहिला मुक्काम. ‘व्हिलन’ म्हणजे धंदा आणि दर्जा. त्यात चांगले-वाईट काही नाही. दुसरा मुक्काम दरबारात झाला. फ्रेंच सरदारांच्या गढ्यांत शिष्टाचाराचे मोठे स्तोम माजले. दरबाराला ‘कूर’ म्हणत. दरबारी रीतीने वागणारा तो ‘कुर्त्वा’, त्यावरून इंग्रजीतला ‘कर्टियस’, म्हणजे सौजन्यशील. मग सौजन्याच्या उलट कोण? तर दरबाराबाहेरचा, शेतावरचा, ‘व्हिलें’. त्याला जेवायचे कळत नाही, बोलायचे कळत नाही, प्रेम करायचेही कळत नाही, असे दरबारी कवी आणि पंडित लिहू लागले. अशा तऱ्हेने धंद्याचे नाव वागण्याच्या रीतीचे नाव झाले. त्यात लॅटिन ‘व्हिलिस’, म्हणजे स्वस्त, हलका, ह्या शब्दाचा नाद कानात घुमत होता. दोघांचे कूळ वेगळे; पण आवाजाच्या सारखेपणाने आगीत तेल पडले.

तिसरा मुक्काम नीतीचा. ज्याची रीत हलकी त्याची नीतही हलकी, असे गृहीत धरायला वेळ लागत नाही. जो उद्धट तो खोटारडा, जो खोटारडा तो चोर, जो चोर तो खुनीही असेल. आधी धंदा, मग रीत, मग नीत. अशा तीन पायऱ्या उतरून ‘व्हिलन’ आजच्या जागी आला.

आता हे सगळे कोणी मुद्दाम कट करून केले, असे आमचे म्हणणे नाही. शब्दांचे अर्थ बैठक बोलावून ठरत नाहीत. पण लेखणी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गढीतल्या माणसाने शेतातल्या माणसाचे वर्णन लिहिले. शेतातल्या माणसाने गढीतल्या माणसाचे काय वर्णन केले असेल, ते चुलीपाशी बोलले गेले आणि चुलीच्या धुरात गेले. त्याच्या शब्दकोशात दुष्टाला काय म्हणत होते, हे कोणी टिपून ठेवले नाही.

एकदा मात्र त्याने आपले म्हणणे असे मांडले की, बखरकारांना ते लिहावेच लागले. १३४८ साली इंग्लंडात प्लेगाची भयंकर साथ आली. खेडीच्या खेडी ओस पडली. कामाला माणूस मिळेना, म्हणून जगले-वाचलेले मजूर जास्त मजुरी मागू लागले. त्यावर १३४९ साली हुकूम निघाला आणि १३५१ साली कायदा झाला की, साथीपूर्वी जी मजुरी होती तीच घ्यावी. जास्त मागील त्याला शिक्षा. वेतनगोठवणीचा हा कायदा वाचून आम्हाला अगदी घरच्यासारखे वाटले! पुढे युद्धाच्या खर्चासाठी डोईपट्टी बसली. तिसऱ्या खेपेला ती माणशी एक शिलिंग झाली. १३८१ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस एसेक्समधल्या ब्रेंटवुडजवळ लोकांनी पट्टी देण्याचे नाकारले आणि वणवा पेटला. केंटमधून वॉट टायलर निघाला. जॉन बॉल नावाचा पाद्री, मालक आणि चाकर हा भेद देवाने केलेला नाही, असे सांगत हिंडत होता. हजारो लोक लंडनवर चालून गेले.

त्यांनी जाताना काय जाळले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी त्यांनी जमीनदारांच्या कचेऱ्यांतली दप्तरे शोधून काढली आणि जाळली. कारण कोण व्हिलेन आहे, कोणाच्या बापाने किती वेठ केली, हे त्या दप्तरांत लिहिलेले होते. आपले नाव ज्या कागदावर खाली लिहिले आहे, तो कागदच नको, अशी ती भावना. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने तर लोकांची हातजाती जप्त करून त्यांच्या तळ्या मठाच्या फरशीत बसवल्या होत्या, म्हणजे दळण मठाच्याच गिरणीत यावे. लोकांनी ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे आपापसांत वाटून घरी नेले.

१४ जूनला माइल एंड येथे राजा रिचर्ड लोकांना सामोरा गेला. त्याचे वय चौदा वर्षांचे. व्हिलेनपणा रद्द करावा आणि जमिनीचा खंड एकरी चार पेन्स ठरवावा, ही मागणी राजाने मान्य केली आणि तशा सनदाही लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्ड येथे बोलणी चालू असताना लंडनच्या मेयरने वॉट टायलरवर शस्त्र चालवले आणि त्याचा तिथेच अंत झाला. जमाव पांगला. जुलै उजाडताच राजाने दिलेल्या सनदा मागे घेतल्या. १५ जुलैला जॉन बॉलला सेंट ऑल्बन्स येथे देहदंड झाला. तुम्ही व्हिलेन होता आणि व्हिलेनच राहाल, अशा अर्थाचे उत्तर राजाने एसेक्सच्या लोकांना दिले, असे एका बखरीत आहे. वाटाघाटीत लेखी कबुली द्यायची आणि गर्दी पांगली की ती फिरवायची, ही रीत आम्हाला अपरिचित नाही.

त्याच लंडनात त्या काळी चॉसर हा इंग्रजीचा आद्य म्हणावा असा कवी राहत होता. ऑल्डगेट वेशीवरचे घर त्याच्याकडे होते, आणि एसेक्सचे लोक त्याच वेशीने शहरात शिरले. चॉसरच्या लेखनात ‘व्हिलनी’ हा शब्द हलक्या वागण्यासाठी आणि अपशब्दासाठी येतो. म्हणजे घसरण चालू झालेली होती. पण त्याच्याच ‘कँटरबरी टेल्स’मध्ये ‘वाइफ ऑफ बाथ’ने सांगितलेली एक गोष्ट आहे. तिच्यातली एक गरीब म्हातारी एका उमरावाला असे सुनावते की, कुलीनता जन्माने येत नाही. जो चांगले करतो तो कुलीन, आणि जो नीच काम करतो तो हलका, मग तो ड्यूक का असेना. म्हणजे ज्या पिढीत हा शब्द वाकडा होत होता, त्याच पिढीत तो सरळ करणाराही आवाज होता. तो आवाज कवीने म्हातारीच्या तोंडी घातला, हेही ध्यानात ठेवावे.

बंड मोडले तरी व्हिलेनपणा टिकला नाही. माणसे कमी, जमीन उदंड, तेव्हा मालकाला नमते घ्यावे लागले. वेठीच्या जागी रोख खंड आला. १५७४ साली एलिझाबेथ राणीने खालसा जमिनींवरच्या उरल्यासुरल्या बंदिवान कुळांना पैसे घेऊन मोकळे करण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हिलेनपणाचा शेवटचा खटला कोर्टात गाजला, आणि तो व्हिलेन म्हणवला गेलेला माणूस जिंकला. संस्था मेली. पण शिवी जिवंत राहिली. किंबहुना संस्था मेल्यावर ती जास्त फोफावली. कारण आता समोर खरा व्हिलेन कोणी उरला नव्हता, मग शब्द कोणालाही लावायला मोकळा.

शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ नाटकात हा सांधा अजून दिसतो. थोरला भाऊ धाकट्याला ‘व्हिलन’ म्हणतो, तेव्हा धाकटा उसळून आपल्या बापाचे नाव सांगतो. थोरल्याने चारित्र्याला शिवी दिली, धाकट्याला ती जन्माला लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात नाटक-कादंबरीतल्या दुष्ट पात्राला ‘व्हिलन’ हे नाव कायमचे मिळाले, आणि तिथून ते सिनेमाच्या पडद्यावर आणि आपल्या बोलण्यात आले. फ्रेंचमध्ये ‘व्हिलें’ म्हणजे आज कुरूप किंवा व्रात्य. इटालियनमध्ये ‘व्हिलानो’ म्हणजे असभ्य. सगळ्या घराण्याचीच बदनामी.

आणि हा एकटा नाही. ‘नेव्ह’ म्हणजे इंग्रजीत लबाड; मुळात तो पोऱ्या, घरगडी. जर्मन भाषेत ‘क्नाबे’ म्हणजे अजूनही नुसता मुलगा. पत्त्यांत राजा-राणीच्या खालच्या पानाला इंग्रज पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत, आणि आपण त्याच पानाला ‘गुलाम’ म्हणतो. ‘चर्ल’ म्हणजे गावंढळ. मुळात तो स्वतंत्र साधा शेतकरी. ‘बूअर’ म्हणजे अडाणी. मुळात डच भाषेतला शेतकरी. ‘ल्यूड’ म्हणजे अश्लील. मुळात जो पाद्री नाही, ज्याला पोथी वाचता येत नाही, तो. आता दुसरी बाजू पाहा. ‘जेंटल’ म्हणजे सौम्य. मुळात चांगल्या कुळातला. ‘जनरस’ म्हणजे उदार. मुळात तोही कुलीन. ‘नोबल’ म्हणजे उदात्त. मुळात नावाजलेल्या घराण्यातला. ‘फ्रँक’ म्हणजे मोकळ्या मनाचा. मुळात फ्रान्स जिंकणाऱ्या फ्रँक टोळीतला. राबणाऱ्यांच्या नावांचे दुर्गुण झाले आणि राज्य करणाऱ्यांच्या नावांचे सद्गुण झाले. एखादा शब्द असा निघाला असता तर योगायोग म्हटला असता. इतके सगळे एकाच दिशेने घसरतात, तेव्हा उतार कुठल्या बाजूला आहे ते कळते.

आपले हात धुतलेले आहेत, असे मात्र कोणी समजू नये. संस्कृत साहित्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा दोष आहे, आणि ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत. मराठीत ‘गावठी’, ‘गावंढळ’, ‘कुणबट’, ‘कुणबाऊ’ हे शब्द काय सांगतात? कुणबी म्हणजे शेतकरी. कुणबट म्हणजे ज्याला रीत नाही असा. आपला शब्द दुसऱ्या पायरीवर थांबला, तिसरीवर उतरला नाही, इतकेच. पण तिसऱ्या पायरीवर उतरलेलेही आहेत. ‘चांडाळचौकडी’ आपण सहज म्हणतो. ‘चांडाळ’ हे जन्मावरून हीन ठरवलेल्या माणसांचे नाव होते. १८७१ साली इंग्रज सरकारने इथे कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो रद्द झाला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले. पण त्यांतल्या काही जमातींची नावे लबाड, चोर ह्या अर्थाने मराठीत अजून वापरतात. ती आम्ही ह्या व्यासपीठावरून उच्चारीत नाही. ऐकणाऱ्यांत त्या घरचा कोणी असेल.

मराठीत ‘कूळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे आपणास ठाऊकच आहे. कूळ म्हणजे घराणे, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. व्याख्यानाला नाव देताना दोन्ही अर्थ आमच्या मनात होते. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या वारल्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्याबरोबर वारली उठले, ते ह्या लग्नगडी पद्धतीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध. १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवणारा म्हणून कायद्यात लिहिला गेला. कायदा किती अमलात आला हा वेगळा विषय. पण ‘कूळ’ ही आपल्याकडे शिवी झाली नाही, हे आपल्या भाषेचे भाग्य म्हटले पाहिजे.

कोणी म्हणेल, शब्दाचे मूळ काही का असेना, आज त्याचा अर्थ बदलला. आज ‘व्हिलन’ म्हणताना कोणाच्या मनात शेतकरी येतो? हे खरे आहे. जुन्या अर्थाच्या नावाने गळा काढून ‘व्हिलन’ हा शब्द वापरू नका, असे आम्ही सांगत नाही. आमचा आक्षेप शब्दाला नाही, ज्या रस्त्याने तो आला त्या रस्त्याला आहे. तो रस्ता अजून वाहता आहे.

१८३३ साली इंग्लंडातच डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटत चालली म्हणून संघटना बांधली. संघटना बांधणे तेव्हा गुन्हा नव्हता. म्हणून गुप्त शपथ घेतल्याचा आरोप ठेवून त्यांना सात वर्षे काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडले. देशभर इतकी ओरड झाली की १८३६ साली माफी द्यावी लागली. त्या सहा जणांची कृती काय? एकत्र बसून मजुरी ठरवली. पण आरोपात ती कृती नव्हती. सरळ माणसाला आधी ‘संशयास्पद’ करायचे, मग ‘कटवाला’ करायचे, मग शिक्षा करायची. पुन्हा त्याच तीन पायऱ्या.

आमच्या कामात आरोपपत्रे रोज हातात येतात. त्यांत लिहिलेले असते: सदर कामगार उद्धट आहे, बेजबाबदार आहे, चिथावणीखोर आहे. एका कारखान्यातल्या चौकशीत आमच्या सभासदाबद्दल ‘वृत्तीने गुन्हेगारी’ असे छापील शब्द होते. पुरावा काढला तर इतकाच निघाला की, कँटीनच्या भाकरीत खडे आहेत हे त्याने मोठ्या आवाजात सांगितले. अशा चौकशीत आम्ही एक साधा नियम पाळतो. पेन्सिल घेतो आणि सगळी विशेषणे खोडतो. मग क्रियापदे उरतात का, ते पाहतो. काय केले, कोणत्या पाळीत केले, कोणी पाहिले? क्रियापद उरले तर उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे, आणि गुन्हा झाला असेल तर तो झाला म्हणायचा. क्रियापद उरलेच नाही, तर त्या कागदावर माणसाचा गुन्हा नाही, फक्त त्याची जागा लिहिलेली आहे.

हा नियम मालकाला लागू आणि आम्हाला नाही, असे म्हणता येणार नाही. आम्हीही सभेत विशेषणे फेकतो. मालक म्हटला की लुटारू, सुपरवायझर म्हटला की चमचा, संपात कामावर गेला तो गद्दार. संपात कामावर जाणाऱ्याने काय केले ते सांगावे, त्याने किती जणांचे नुकसान झाले ते सांगावे, जरूर सांगावे. पण त्याच्या घरात दुखणे होते का, हेही विचारावे. नाहीतर सरदाराने शेतकऱ्याला जे केले तेच आम्ही दुसऱ्याला करू, आणि उतार फक्त उलट्या बाजूला होईल.

ज्ञानेश्वर महाराजांनी पसायदानात जे मागितले त्यात ‘खळ’ हा शब्द आहे. आपण सर्वांनी ते लहानपणापासून म्हटले आहे. त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. दुष्टांमधला वाकडेपणा जावा, असे मागितले. माणूस आणि त्याची करणी ह्यांत त्यांनी जी फट ठेवली, तीच ‘व्हिलन’ शब्दाच्या इतिहासात बुजून गेली आहे. त्या शब्दात करणी नाही. फक्त माणूस आहे, त्याचा जन्म आहे, त्याचा धंदा आहे.

दुष्टता जगात नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तीस वर्षे चळवळीत काढल्यावर तसे म्हणणे शक्यही नाही. मजुरी बुडवणे ही दुष्टता आहे, सहीचा कागद फिरवणे ही दुष्टता आहे, सुरक्षेची जाळी न लावता माणसाला यंत्रात हात घालायला लावणे ही दुष्टता आहे. ह्या सगळ्या कृती आहेत, त्यांना तारीख आहे, त्यांना साक्षीदार आहेत. त्यांना दुष्टता म्हणताना आमची जीभ अडखळत नाही. पण ‘अमका तसलाच’, ‘ती वस्तीच तसली’, ‘ते लोकच तसले’, असे जेव्हा आपल्या कानावर येईल, तेव्हा आपण एवढेच विचारावे: त्याने केले काय? ह्या तीन शब्दांच्या प्रश्नाने कित्येक व्हिलन पुन्हा साधे शेतकरी होतील. आणि जे खरोखर व्हिलन आहेत, त्यांना लपायला जागा उरणार नाही.